हसाजीकाकांचे घोडे

हसाजीकाकांसमोर कशाची कशाशी तुलना करायची सोय नव्हती. एकदा माझी बायको शुभदा त्यांच्या हातचा चहा पिऊन सहज म्हणाली, "काका, अगदी अमृत झालाय."

"अमृत प्यायली आहेस का कधी?"

"नाही हो."

"मग चहा चांगला झालाय म्हण. चहाला तेवढं पुरतं."

शुभदा हसली. मीही हसलो. म्हाताऱ्या माणसाची खोड म्हणून आम्ही ती सोडून दिली. त्या खोडीखाली काय पुरलेलं आहे हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी जे करायला नको होतं ते केलं.

त्यांची माझी ओळख लिफ्टमध्ये झाली. सिंगापूरमधल्या हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी बोलणारं दुसरं घर नाही या खात्रीनं मी फोनवर शुभदाशी तावातावानं भांडत होतो. पाठीमागे कोपऱ्यात एक उंच, वाकलेले गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन उभे होते. डोक्याला छोटी काळी टोपी. लिफ्ट थांबली तसे ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "चूक तुमची आहे. घरी जा आणि आधी तसं कबूल करा." दार बंद झालं. मी घरी गेलो आणि कबूल केलं.

इथल्या सरकारी पासवर त्यांचं नाव एझेकिएल होतं. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अलिबागजवळच्या एका गावचे. त्यांच्यात एझेकिएलचा हसाजी होतो, सॅम्युएलचा सामाजी होतो. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. काकांनी मुंबईत गोदीत कारकुनी केली, बायको गेल्यावर मुलीकडे, रूथताईंकडे, सिंगापूरला आले. शनिवार त्यांनी इथंही सोडला नव्हता. त्या दिवशी लिफ्टचं बटणसुद्धा दाबायचे नाहीत. नवव्या मजल्यावरून जिन्यानं उतरायचे आणि चढताना दर मजल्यावर कुणाच्या तरी चपलांच्या रॅकला टेकून दम घ्यायचे. आमच्या ब्लॉकमधल्या चिनी म्हाताऱ्या त्यांना शनिवारी पायरीवर बसायला स्टूल आणून द्यायच्या.

मराठीत ते कीर्तन करायचे, हे मला रूथताईंनी सांगितलं. बेने इस्रायलांमध्ये कीर्तनाची जुनी चाल आहे. साकी, दिंडी, आर्या सगळं आपलंच, आख्यान मात्र दाविदाचं, मोशेचं. तरुणपणी काकांचं गावोगाव नाव होतं. पण सामाजी, त्यांचा धाकटा भाऊ, गेल्यापासून त्यांनी झांज हातात घेतली नव्हती.

मला मात्र त्यांनी वेगळ्याच कामाला लावलं. त्यांची नजर अधू झाली होती आणि त्यांना काही कविता मराठीत आणायच्या होत्या. दर रविवारी सकाळी आम्ही खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलाशी बसायचो. त्यांच्यासमोर बिनदुधाची कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, माझ्यासमोर लॅपटॉप. बँकेत मी आठवडाभर इतरांच्या चुका शोधतो. रविवारी काका माझ्या शोधायचे.

कविता हजारेक वर्षांपूर्वीच्या, स्पेनमधल्या. तिथं अरब राजांच्या पदरी असलेले ज्यू हिब्रूत लिहायचे. काकांकडे एका हजानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गुरुजींनी, दिलेलं जुनं पुस्तक होतं. मला वाटलं होतं देवाची स्तोत्रं असतील. निघाल्या लढाया. काका उजवीकडून डावीकडे बोट फिरवत हिब्रू ओळ मोठ्यानं वाचायचे, मग अर्थ सांगायचे, मग विचारायचे, "काय दिसलं तुला?"

एकदा बाणांचा पाऊस होता. मी म्हणालो, "छान आहे. आपल्याकडेही असतो."

"असतो ना. सगळ्यांकडे असतो. आता सांग, पाऊस नेम धरतो का?"

"नाही."

"पाऊस तुला ओळखत नाही, मला ओळखत नाही. बाण सोडणारा बघून सोडतो. मग हे लिहिणारा काय करतोय? माणसाला आभाळामागे लपवतोय." त्यांनी टेबलावर चापटी मारली. शेजारी बुद्धिबळ खेळणारे दोन अंकल दचकले.

पुढच्या रविवारी लढाईची मेजवानी झाली होती. तलवारी प्यालेल्या, रक्ताची दारू, जमीन झिंगलेली. काकांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "वाईट लिहिलं असतं तर बरं झालं असतं, जयवंता. हे लोक फार सुंदर लिहायचे. शब्दन् शब्द शास्त्रातला, प्रार्थनेतला. सकाळी ज्या शब्दानं देवाला हाक मारायची त्याच शब्दानं संध्याकाळी तलवार पाजळायची. ऐकणाऱ्याला वाटतं, देवच घोड्यावर बसलाय."

"मग भाषांतर कशाला करता?"

"एकदा तरी पुरतं सांगायचंय म्हणून."

तेव्हा त्यांनी मला सामाजीचं सांगितलं. पुस्तकात एक कविता होती, कवीचं नाव नसलेली. पहिल्या भागात पहाटे घोडदळ निघतं. त्या घोड्यांवरून काकांनी ऐन विशीत एक आख्यान रचलं होतं. टापांतून पहाट उडते, आयाळीत वारा अडकतो, नाकपुड्यांतून धुकं निघतं, असं ते वर्णन. गावच्या सणाला त्यांनी ते पहिल्यांदा लावलं. सामाजी पुढं चटईवर बसला होता. लोक घोड्यांवर इतके खूश झाले की एकामागून एक वन्स मोअर पडत गेले. कवितेचा दुसरा भाग, ज्यात संध्याकाळी तेच घोडे परत येतात, तो सांगायचा राहिला. पोरं पेंगली, बायका उठल्या, आरती झाली. पुढच्या महिन्यात सामाजी अलिबागला भरतीच्या रांगेत उभा राहिला.

बांगलादेशच्या लढाईत तो गेला. त्याचा एक मित्र घरी त्याची लोखंडी पेटी पोचवायला आला होता. तो काकांना आपलेपणानं म्हणाला, "तुमचे घोडे आम्हाला सगळ्यांना पाठ झाले होते. ट्रकमध्ये सामा रोज म्हणायचा. आम्ही हसायचो, रणगाड्यांच्या दिवसांत घोडे कसले!"

"त्यानं चांगलं म्हणून सांगितलं रे," काका म्हणाले. "जेवला आमच्याकडे. आईनं त्याला परत परत वाढलं. मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो."

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून पुढचं लिहिताना माझा हात अडतो.

त्या वर्षी आमचा निहार नॅशनल सर्व्हिसला जायचा होता. आम्ही इथले पर्मनंट रेसिडेंट, त्यामुळे मुलाला अठराव्या वर्षी लष्करात दोन वर्षं काढणं भाग. लहानपणच्या दम्यामुळे त्याला वैद्यकीय तपासणीत खालची श्रेणी मिळाली होती. कुठल्यातरी छावणीत टेबलापाशी बसून दोन वर्षं निघून जातील, या विचारानं मला झोप लागायची. निहारला मात्र ते लागलं होतं. त्याचे मित्र त्याला 'स्टोअरमॅन' म्हणून चिडवायचे.

त्याच सुमाराला इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला कीर्तनकार मिळेना. मी काकांचं नाव सुचवलं. वरून काकांना गळ घातली. म्हणालो, "तुम्हाला पुरतं सांगायचंय ना? माणसं आहेत, हॉल आहे, सांगा."

त्यांनी आठवडा घेतला. मग म्हणाले, "शनिवारी नाही. आणि परतीचा भाग होईपर्यंत कुणी उठायचं नाही."

"नाही उठणार."

तो परतीचा भाग त्यांनी मला कधीच टाइप करू दिला नव्हता. तो तोंडीच सांगायचा, म्हणायचे. कागदावर नको.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता, एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. तबल्याला जुरोंग ईस्टचा एक आयटीवाला, पेटीला मंडळाच्या सेक्रेटरी वहिनी. काका पांढरं धोतर, काळा कोट आणि तीच टोपी घालून उभे राहिले. मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काका, तुमच्या कीर्तनात विठ्ठल कुठाय?"

"तुमच्याकडे आहे ना? मग सुखरूप आहे," काका म्हणाले, आणि हॉल त्यांचा झाला.

पूर्वरंग त्यांनी थोडक्यात आटपला. मग आख्यान. आधी आवाज कापरा होता. घोडे निघाले तसा तो सरळ झाला. झांज वाजत नव्हती, धावत होती असं मी म्हटलं तर काका मला थांबवतील. पण तो तबलेवाला दर शनिवारी क्रिकेट खेळणारा दणकट माणूस आहे, आणि त्याला घाम फुटला. काकांची पाठ ताठ झाली. मान वळली की आयाळ दिसत होती. लहान मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. निहार मित्रांबरोबर भिंतीला टेकून फोन बघत होता. त्यानं फोन खिशात ठेवला.

पहिला वन्स मोअर माझा होता. हे लिहून टाकतो, कारण शुभदा अजून म्हणते की सगळे एकदमच ओरडले. सगळे नंतर ओरडले. आधी मी ओरडलो. मला काहीच आठवलं नाही, सामाजी नाही, त्याची ती लोखंडी पेटी नाही. मला ते घोडे परत हवे होते.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा गोंधळला. मग मी कधी पाहिलं नव्हतं असं हसू तिथं आलं, विशीतल्या पोराचं. त्यांनी वन्स मोअर घेतला. मग आणखी एक. मग मागच्या रांगेनं मागितला आणि त्यांनी तोही दिला, नवीन ताना घालून.

"संध्याकाळ झाली," असं म्हणून ते परतीच्या भागाकडे वळले, तेव्हा हॉलची वेळ संपली होती. दारात जेवणवाला ट्रॉली घेऊन खोळंबला होता. क्लबचा माणूस घड्याळ दाखवत होता. सेक्रेटरी वहिनी पेटीवरून हळूच म्हणाल्या, "काका, आवरतं घेऊ या. फारच रंगलं हो." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काका हात जोडून उभे होते. ओठ हलत होते, पण माइक बंद झाला होता.

काही आठवड्यांनी जेवताना निहार म्हणाला, "बाबा, आय गॉट अपग्रेडेड. कॉम्बॅट फिट."

"म्हणजे?"

"दम्याचं परत चेक करा म्हटलं. क्लियर, लाह. इतकी वर्षं इन्हेलर तरी कुठे घेतलाय मी?"

शुभदानं भाताचा डाव खाली ठेवला. "कुणी सांगितलं होतं तुला हे करायला?"

"कुणी नाही, आई." मग तो लाजून हसला. "हसाजीआजोबांचे ते हॉर्सेस. डॅम शिओक, एकदम भारी. मला वाटलं, मी दोन वर्षं स्टोअरमध्ये बसणार, दॅट्स इट?"

मी काकांना सांगणार नव्हतो. पण निहारनंच त्यांना लिफ्टपाशी गाठून, खूश होतील म्हणून, सांगितलं. रविवारी मी खाली गेलो तर टेबलाशी कोपी नव्हती आणि पुस्तकही नव्हतं. काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"मला सामाजीच्या वेळी ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "या वेळी होतं. आणि तरी मी घेतला रे वन्स मोअर. गोड लागला."

"काका, ओरडलो मी होतो."

"ऐकणारा ओरडणारच. थांबायचं गाणाऱ्यानं असतं." मग माझा दंड धरून म्हणाले, "त्याला माझ्याकडे पाठव. जायच्या आधी. परतीचं ऐकून जाऊ दे. मग जायचं तर जाऊ दे."

मी निहारला सांगितलं. तो "येस, येस, जाईन" म्हणाला. आज मित्रांचं जेवण, उद्या जोहोरची ट्रिप, परवा कुणाचा तरी वाढदिवस. काका नवव्या मजल्यावर वाट बघायचे. रूथताई म्हणाल्या, दारावरची बेल वाजली की उठून उभे राहतात. शेवटी काकांनीच मला विचारलं, "त्या बेटावर पोचवायला घरचे जातात ना? मी चालेन का?"

नवीन मुलांना पासिर रिसहून बसनं धक्क्यावर नेतात आणि तिथून बोटीनं तेकोंग बेटावर. घरच्यांना सोबत जाता येतं. मुलं शपथ घेतात, सगळे एकत्र जेवतात, मग घरचे परत येतात. आम्ही काकांना निहारचे आजोबा म्हणून नेलं. पहाटे उठून त्यांनी दाढी केली होती. हनुवटीवर कापलं होतं.

बोटीत निहार आणि काका शेजारी बसले. मी आणि शुभदा मागच्या रांगेत. सगळीकडे आया मुलांचे कॉलर नीट करत होत्या. इंजिन सुरू झालं तसे काका निहारच्या कानाशी वाकले. मला ऐकू येत नव्हतं. मला त्यांची मान दिसत होती आणि निहारचा खांदा. तो खांदा आधी आखडलेला होता. बेट जवळ येईपर्यंत तो सैल झाला. उतरताना निहारनं काकांना मिठी मारली, असं त्यानं मला बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. मला वाटलं, झालं. सांगून झालं.

निहार आता धडधाकट आहे. दोन वर्षं संपत आली. शनिवारी घरी येतो, गणवेश मशीनमध्ये टाकतो, जेवतो, झोपतो. रात्रीच्या मार्चमध्ये पाय उचलेनासे झाले की तो घोड्यांच्या ओळी म्हणतो, असं त्यानंच मला सांगितलं. बराकीतल्या दोन शेजाऱ्यांनाही शिकवल्या आहेत, त्यातला एक तमिळ आहे. काका त्याच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या पासिंग आउटच्या आधीच गेले. शनिवारी, जिन्यात, आमच्या मजल्याच्या वरच्या वळणावर. चिनी म्हातारीनं आणलेलं स्टूल शेजारीच होतं. परतीचा भाग आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. निहार जेवायला बसतो तेव्हा दर वेळी मी ठरवतो की आज सांगायचं, आणि त्याला आणखी एक पोळी वाढतो.

मला तो भाग कसा कळला, ते परतीच्या बोटीतलं.

मुलं बेटावर राहिली होती, त्यामुळे बोट अर्धी रिकामी होती. प्रत्येक आईशेजारी एक जागा मोकळी. शुभदा डोळे मिटून खिडकीला टेकली होती. काका सकाळच्याच ठिकाणी बसले, आणि निहारची जागा त्यांनी सोडली. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"सांगितलंत ना?"

"सुरुवात केली. संध्याकाळ झाली, एवढं म्हटलं. त्यानं माझं मनगट धरलं. हात गार पडला होता रे त्याचा. म्हणाला, आजोबा, डू द हॉर्सेस."

"मग?"

"मग काय. केले."

बेट मागे पडलं. मग काका निहारच्या जागेकडे वळले आणि हळू आवाजात, चाल न लावता, सांगायला लागले.

संध्याकाळ झाली. घोडे एकेकटे परत आले. पाठीवर कुणी नव्हतं. लगाम गवतातून ओढत होते. वाट त्यांना कुणी दाखवली नाही. पहिला घोडा पहिल्या दारी थांबला. आतून बाई पाणी घेऊन आली. घोड्यानं तोंड लावलं नाही, पण तो हललाही नाही. दुसरा कुंभाराच्या दारी थांबला. कुंभार म्हणाला, हा आमचा नव्हे, आणि घोड्याच्या गळ्यातली घंटा चाचपून गप्प झाला. तिसऱ्या दारातलं मूल खुशीत येऊन घोड्यावर चढायला लागलं.

ते दारामागून दार सांगत गेले. एकाही घोड्याचा रंग सांगितला नाही. बोट धक्क्याला लागली, लोक उतरले, शुभदा दोनदा हाक मारून पुढे गेली. एक तरुण खलाशी आमच्यापाशी आला. "अंकल, रीच्ड ऑलरेडी. कॅन गेट डाउन."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. रिकाम्या जागेवर हात ठेवून ते मला म्हणाले, "त्याला थांबायला सांग, जयवंता. अजून आमचं दार राहिलंय."